नियम पैसे कशाचे देतो, तिथेच संशोधन जातं

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या राज्यांचा जो विजेचा बाजार आहे ना, तिथे कित्येक वर्षं एक विचित्र प्रकार चालू होता. कुठल्या प्लांटने किती वीज सोडायची हे दर पाच मिनिटांनी ठरायचं, भावही दर पाच मिनिटांनी निघायचा, पण पैसे चुकते व्हायचे ते अर्ध्या तासाच्या सरासरीने. ऐकायला किरकोळ वाटतं, हिशेबाची सोय म्हणून केलं असेल असं वाटतं. पण समजा, एका पाच मिनिटांत एकदम टंचाई झाली आणि मेगावॉट-तासाचा भाव ६००० डॉलरवर गेला आणि त्या अर्ध्या तासातल्या उरलेल्या पाचही वेळा तो ६० वरच राहिला, तर सरासरी येते १०५०. आता ज्याच्याकडे बॅटरी आहे आणि ज्याने बरोबर त्या टंचाईच्या पाच मिनिटांत वीज दिली, त्याला मिळणार १०५०. आणि ज्याचा गॅस टर्बाइन टंचाई संपल्यावर सुरू झाला, म्हणजे ज्याची वीज गरज भागल्यावर आली, त्यालाही त्या अर्ध्या तासात विकलेल्या विजेवर तेच १०५०! उलट त्या उशिरा येणाऱ्या मंडळींना भाव भडकल्याचं दिसलं की ते पुढच्या मिनिटांसाठी मुद्दाम उणे भावाची बोली लावायचे, अगदी उणे १००० पर्यंत, म्हणजे आपली वीज नक्की घेतली जाईल आणि सरासरीतला वाटा पदरात पडेल.

यात कोणी बेकायदा काही केलं नव्हतं, नियमच तसा होता. तो बदला म्हणून अर्ज केला कोणी, तर क्वीन्सलँडमधल्या सन मेटल्स नावाच्या जस्त बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे वीज विकणाऱ्याने नाही तर विकत घेणाऱ्याने. अर्ज २०१५ च्या डिसेंबरात, निर्णय २०१७ च्या नोव्हेंबरात आणि पाच मिनिटांचा हिशेब प्रत्यक्ष सुरू झाला १ ऑक्टोबर २०२१ ला. मीटर बदलायचे होते, सॉफ्टवेअर बदलायचं होतं, शिवाय गॅसवाल्यांनी ग्राहकांना भाववाढीपासून संरक्षण देणारे करार विकलेले होते आणि त्यांचं गणित जुन्या सरासरीवर बसलेलं होतं, त्यामुळे विरोधही झाला. पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की बॅटरीची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे वेग, आणि त्या वेगाचे पैसे बाजार देतच नव्हता. प्रयोगशाळेत बॅटरी कितीही सुधारा, हिशेबाच्या खिडकीची लांबी बदलल्याशिवाय त्या सुधारणेला या बाजारात पूर्ण किंमत मिळणार नव्हती. अमेरिकेत फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने, म्हणजे फर्कने, २०११ मध्ये ७५५ नंबरची ऑर्डर काढली की ग्रिडची फ्रीक्वेन्सी सांभाळायला जो जास्त वेगाने आणि जास्त अचूक प्रतिसाद देतो त्याला जास्त पैसे द्या, आणि त्यानंतर पीजेएमच्या, म्हणजे पूर्वेकडच्या अनेक राज्यांच्या सामाईक ग्रिडमध्ये बॅटऱ्या लावायला लोक पुढे आले.

मी हे सगळं इतकं तपशिलात लिहितोय कारण ऊर्जा आणि सरकार हा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते, एक जण म्हणतो सरकारने हात काढून घ्यावा, बाजार बघून घेईल, दुसरा म्हणतो नफेखोरांच्या हातात वीज देता काय. मला या भांडणात काही हाती लागत नाही. विजेचा बाजार हा आपोआप उगवणारा बाजार नाहीच, तारा एकाच कंपनीच्या असणार कारण एकाच रस्त्यावर चार कंपन्यांनी खांब रोवणं हा शुद्ध अपव्यय आहे, आणि पुरवठा-मागणी सेकंदासेकंदाला जुळली नाही तर सगळ्यांचीच वीज जाते, त्यामुळे कोणीतरी नियम लिहिणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की तो नियम नेमके कशाचे पैसे देतो ते आधी वाचा, कारण कंपन्यांचे हुशार इंजिनिअर आणि हुशार अकाउंटंट दोघंही तिकडेच धावतात.

खरं तर रेग्युलेशन मागितलं होतं वीज कंपन्यांनीच. १८९८ मध्ये शिकागोच्या सॅम्युअल इन्सलने आपल्याच धंद्यातल्या लोकांसमोर भाषण करून सांगितलं की आम्हाला आमच्या भागात एकाधिकार द्या आणि बदल्यात सरकारने आमचे दर ठरवावेत. १९०७ मध्ये न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिनमध्ये असे दर ठरवणारे आयोग आले. इन्सलचा हिशेब पक्का होता, स्पर्धक नाही आणि दर ठरलेले म्हटल्यावर कर्ज स्वस्त मिळतं आणि वीजधंद्यात सगळा खेळ भांडवलाचाच असतो. पुढची कित्येक दशकं हे छान चाललं, प्लांट मोठे होत गेले, वीज स्वस्त होत गेली, सगळे खूश.

पण दर ठरवायचं सूत्र काय होतं ते बघा. झालेला खर्च भरून द्यायचा आणि गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक टक्के परतावा द्यायचा. म्हणजे कोळशाचा खर्च, पगार, सॉफ्टवेअरचं भाडं हे जसेच्या तसे मिळणार, त्यावर नफा शून्य, नफा फक्त जे लोखंड-सिमेंट उभं केलं त्यावर. १९६२ मध्ये हार्वे ॲव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे गणित मांडून दाखवलं, की भांडवलाच्या खऱ्या खर्चापेक्षा परतावा थोडा जरी जास्त मिळत असला तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतणारच. साधं उदाहरण घ्या, एका भागात विजेची मागणी वाढतेय. एक उपाय १०० कोटींचं नवं सबस्टेशन, दुसरा उपाय दर वर्षी २ कोटी देऊन मोठ्या ग्राहकांना पीक टाइममध्ये वापर कमी करायला लावणं. समाजासाठी दुसरा स्वस्त. कंपनीला पहिल्यात वर्षानुवर्षं परतावा, दुसऱ्यात काहीच नाही. आता त्या कंपनीत बसलेल्या एखाद्या माणसाने मागणी कमी करायची कितीही भारी युक्ती शोधली तरी ती कोणाच्या टेबलावर पडून राहील सांगा.

याच्यावर उपाय निघू शकतो, आणि निघालाय. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या काही भागांत वीजवाहिन्यांवर लोड फार वाढला होता, त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे साधारण एक अब्ज डॉलरचं सबस्टेशन. २०१४ मध्ये तिथल्या आयोगाने कॉन एडिसन या वीज कंपनीला सांगितलं की सुमारे २० कोटी डॉलर खर्चून मागणीच कमी करा, दुकानांचे दिवे बदला, बॅटऱ्या लावा, जे करायचं ते करा, आणि मुख्य म्हणजे या खर्चावर तुम्हाला सबस्टेशनसारखाच परतावा मिळेल, वर कामगिरी चांगली झाली तर थोडा बोनस. झालं, काम सुरू! कंपनी तीच, इंजिनिअर तेच, फक्त परताव्याच्या कलमात ‘हाही खर्च धरा’ एवढं आलं. सबस्टेशन पुढे ढकललं गेलं. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं का लागावीत याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण ॲव्हर्च-जॉन्सनचा पेपर येऊन तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

ब्रिटनने उलटं करून बघितलं. १९८३ मध्ये स्टीफन लिटलचाइल्डने टेलिकॉमसाठी एक सूत्र सुचवलं, आणि १९९० मध्ये वीज कंपन्यांचं खासगीकरण झालं तेव्हा तारांच्या कंपन्यांनाही तेच लागू झालं, महागाईच्या दरातून एक ठरावीक आकडा वजा करायचा, तेवढीच दरवाढ, आणि पाचेक वर्षं हे बदलायचं नाही. त्या काळात कंपनीने खर्च वाचवला तर तो नफा तिचा. भांडवलाची हाव कमी झाली, खर्च खरंच कमी झाले, ग्राहकांचा फायदा झाला हे मान्यच करायला हवं. पण खर्च कापताना सगळ्यात आधी काय कापलं जातं? ज्याचं फळ दहा-पंधरा वर्षांनी मिळणार आणि तेव्हा नवा दर ठरताना ते ग्राहकांकडे जाणार, ते संशोधन! या कंपन्यांचा संशोधनावरचा खर्च नावापुरता उरला. मग ऑफजेम या रेग्युलेटरला २००५ मध्ये संशोधनासाठी वेगळा निधी द्यावा लागला, २०१० मध्ये लो कार्बन नेटवर्क्स फंड म्हणून ५० कोटी पाउंड बाजूला काढावे लागले आणि २०१३ पासून सूत्रच बदलून रियो नावाची पद्धत आणली, ज्यात सुरुवातीला आठ वर्षांचा काळ होता आणि संशोधनाला स्वतंत्र जागा.

कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्यांची गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. १९७८ च्या पुर्पा कायद्याने वीज कंपन्यांना छोट्या स्वतंत्र उत्पादकांची वीज घ्यायची सक्ती केली, ती वीज स्वतः तयार करायला जेवढा खर्च आला असता तेवढ्या भावाने. पहिल्यांदाच बाहेरच्याला दार उघडलं. वर केंद्राची आणि राज्याची करसवलत होती, पण ती होती गुंतवणुकीवर, चक्की किती वीज देते त्यावर नाही. ऐंशीच्या दशकात आल्टामाँट पासच्या टेकड्यांवर हजारो चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या पुष्कळ मोडल्या, बंद पडल्या. डेन्मार्कनेही १९७९ मध्ये गुंतवणुकीवरच ३० टक्के सबसिडी दिली होती, मग तिथे तसं का नाही झालं? कारण तिथे रिसोच्या टेस्ट स्टेशनने त्या मॉडेलला पास केल्याशिवाय सबसिडी मिळत नव्हती. चक्क्या वजनदार, साध्या, पण टिकणाऱ्या, आणि दर वर्षी थोड्या मोठ्या. कॅलिफोर्नियाने शेवटी डॅनिश चक्क्याच विकत घेतल्या. करसवलत संपल्यावर १९८६ मध्ये वेस्टास या डॅनिश चक्की कंपनीवरही दिवाळखोरीची वेळ आली, पण ज्ञान टिकलं होतं, त्यामुळे कंपनी नव्याने उभी राहू शकली. अमेरिकेने १९९२ मध्ये करसवलत प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटवर नेली.

आता गंधकाकडे येतो, कारण नियम आणि संशोधन यांचा संबंध इतका स्वच्छ दिसलेलं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. कोळसा जाळला की सल्फर डायऑक्साइड निघतो, त्यातून आम्लवर्षा. अमेरिकेने १९७७ मध्ये कायदा असा बदलला की नव्या कोळसा प्लांटला धुरातला ठरावीक टक्के गंधक काढावाच लागेल, कोळसा मुळात कमी गंधकाचा असला तरीही. म्हणजे व्यवहारात स्क्रबर, म्हणजे धुरातून गंधक काढणारं यंत्र, लावणं सक्तीचं. यामागे पूर्वेकडच्या जास्त गंधकाच्या कोळशाच्या खाणी वाचवायचं राजकारण होतं. जुन्या प्लांटना सूट होती म्हणून कंपन्या जुनेच प्लांट ओढत राहिल्या. १९९० मध्ये दृष्टिकोन पालटला, देशभरासाठी एकूण प्रदूषणाची मर्यादा ठरली, तेवढे परवाने वाटले, ज्याने जास्त कमी केलं त्याने उरलेले विकावेत.

डेव्हिड पॉप या अर्थशास्त्रज्ञाने या दोन्ही काळातली स्क्रबरची पेटंट तपासली. पेटंट १९९० च्या आधीही येतच होती, त्यामुळे ‘सक्तीने संशोधन मरतं’ हे काही खरं नाही. पण ती सगळी स्क्रबर स्वस्त करायच्या मागे होती, जास्त गंधक काढायच्या नाही. साहजिक आहे, कायद्याने सांगितलेला टक्का गाठला की पुढच्या प्रत्येक टनाची किंमत कंपनीसाठी शून्य. १९९० नंतर प्रत्येक जादा टन म्हणजे विकता येणारा परवाना, आणि तेव्हापासूनची पेटंट गंधक जास्त काढणारी. म्हणजे नियमाने संशोधनाचं प्रमाण तर ठरवलंच असेल, पण त्याहून जास्त त्याची दिशा ठरवली. आणि हेही सांगितलं पाहिजे की सुरुवातीच्या वर्षांतली बरीच बचत स्क्रबरमधून आलीच नाही, ती आली वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कमी गंधकाच्या कोळशातून, आणि तो कोळसा पूर्वेपर्यंत परवडायला लागला कारण १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेचे दर मोकळे केले होते. एका बाजारातल्या मोकळीकीचा फायदा दुसऱ्या बाजारातल्या निर्बंधाला झाला. धोरणाच्या चर्चेत हे असं आडवं जोडलेलं कोणी बघत नाही.

भाव बांधून ठेवण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फिलिप्स पेट्रोलियमच्या खटल्यात सांगितलं की राज्याबाहेर जाणाऱ्या गॅसचा विहिरीवरचा भावसुद्धा केंद्राने ठरवायचा. भाव कमी ठेवला, मागणी वाढली, नवा गॅस शोधायला कोणाला उत्साह नाही आणि जो सापडेल तो टेक्सासच्या आतच विकलेला बरा कारण तिथे भाव मोकळा. १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात उत्तरेकडे शाळा आणि कारखाने बंद ठेवायची वेळ आली. मग १९७८ चा कायदा आला तो आणखी गुंतागुंतीचा, गॅसच्या वीसहून जास्त वर्गवाऱ्या आणि प्रत्येकीला वेगळा भाव! १५००० फुटांपेक्षा खोल असलेल्या गॅसला मोकळा भाव दिला, तर लोक ओक्लाहोमात खोल खोल विहिरी खणत सुटले, बँका त्यांना कर्जं देत सुटल्या आणि १९८२ मध्ये पेन स्क्वेअर बँक बुडाली. जमिनीखाली गॅस कुठे स्वस्तात आहे हे बघायचं सोडून कायद्यातला भाव कुठे जास्त आहे तिथे ड्रिल चालला. तरी याच काळातलं सरकारी संशोधन आणि १९८० ची अपारंपरिक गॅसवरची करसवलत पुढे शेल गॅसला, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या गॅसला, उपयोगी पडली, मिचेल एनर्जी या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये अनेक वर्षं चिकाटी धरली त्यात या दोन्हींचा हात होता. त्यामुळे सरकारने सगळं बिघडवलं असं मी म्हणणार नाही, पण भाव दाबणं आणि ज्ञानाला पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका वाक्यात ‘सरकारी हस्तक्षेप’ म्हणून कोंबू नका.

ज्ञानाला पैसे देण्याचा अर्थशास्त्रातला आधार सरळ आहे, जो पहिला शिकतो त्याचं शिकणं बाकीच्यांना फुकट मिळतं, म्हणून पहिला व्हायला कोणी तयार नसतो. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला वीस वर्षांचा ठरलेला भाव दिला आणि नव्या प्रकल्पांसाठी तो दर वर्षी कमी होत जाईल अशी तरतूद केली. त्याचा बोजा ग्राहकांच्या बिलावर आला, २०१७ मध्ये युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला, २०२२ मध्ये तो बिलातून काढला. पॅनेलचे कारखाने बहुतेक चीनमध्ये गेले आणि स्वस्त पॅनेल जगभर. जर्मन ग्राहकाच्या नजरेतून बघितलं तर सौदा महागात पडला, जगाच्या नजरेतून बघितलं तर क्वचितच कोणी इतकी उपयोगी वर्गणी भरली असेल. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण ज्या घरात त्या बिलाचा चटका बसला त्याला हे सांगताना जीभ अडखळायला हवी. आणि दिलेला शब्द पाळणं फार महत्त्वाचं. स्पेनने २००७ मध्ये असाच उदार भाव जाहीर केला, वर्षभरात अंदाजाच्या कितीतरी पट प्लांट लागले, आणि मग सरकारने आधीच उभ्या प्रकल्पांचेही भाव कापले. खटले वर्षानुवर्षं चालले. असं एकदा केलं की पुढचा गुंतवणूकदार जास्त परतावा मागतो, म्हणजे तो बोजा शेवटी विजेच्या दरातच येतो.

सक्तीचे मापदंड चालतात का? फ्रिजच्या बाबतीत चालले, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट खायचा, कॅलिफोर्नियाने आणि नंतर केंद्राने टप्प्याटप्प्याने मापदंड कडक केले आणि २००१ पर्यंत तो सुमारे ५०० वर आला, आकार वाढूनही. तिथे ग्राहकाला दुकानात वीजखर्च दिसत नाही, म्हणून स्पर्धेतून हे घडलं नसतं. अणुऊर्जेत मात्र परवानगीची प्रक्रियाच एवढी लांब की अमेरिकेतल्या नुस्केल कंपनीच्या छोट्या रिॲक्टरचा अर्ज २०१७ च्या सुरुवातीला तपासायला घेतला आणि प्रमाणपत्र आलं २०२३ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पहिला प्रकल्प खर्च वाढल्यामुळे रद्द झाला. सुरक्षेची तपासणी हवीच, यात तडजोड नाही. पण अपघात झाला तर रेग्युलेटरला जाब विचारला जातो आणि उशीर झाला तर कोणी विचारत नाही, मग त्याने तरी घाई का करावी?

सध्या मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ग्रिडला जोडणी मिळण्याच्या रांगेची. अमेरिकेत २०२३ अखेर जवळपास २६०० गिगावॉटचे प्रकल्प रांगेत होते, म्हणजे देशात तेव्हा उभ्या असलेल्या सगळ्या प्लांटच्या दुपटीपेक्षा जास्त. नियम असा होता की जो आधी आला त्याचा अभ्यास आधी, आणि ज्याच्या जोडणीमुळे वाहिनी कमी पडते तिच्या सुधारणेचा खर्च त्यानेच द्यायचा. त्यामुळे लोक एकाच प्रकल्पासाठी चार ठिकाणी अर्ज टाकायचे, खर्चाचा आकडा कळला की तीन मागे घ्यायचे, मग त्यांच्या मागच्यांचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. फर्कने २०२३ च्या जुलैमध्ये नियम बदलून गटागटाने अभ्यास आणि तयार असलेल्याला प्राधान्य असं केलंय, डिपॉझिटही वाढवलंय, रांग त्याने थोडी खरी होईल. पण वाहिनीचा खर्च अजून मुख्यतः नव्याने येणाऱ्यावरच आहे, जरी तिचा फायदा पुढची चाळीस-पन्नास वर्षं सगळ्या ग्राहकांना होणार असला तरी. टेक्सासने २००५ च्या कायद्यानंतर याच्या उलट केलं, वारा जिथे जास्त तिथपर्यंत आधीच वाहिन्या टाकल्या, सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून, खर्च राज्यभरातल्या ग्राहकांवर वाटला, आणि पवनवाले आपापले पैसे घेऊन मागून आले. ज्या राज्याची ओळखच मोकळ्या बाजाराची, तिथे तारांचं नियोजन आयोगाने केलं. बाकीच्यांनी हे जसंच्या तसं उचलायला काय हरकत आहे, असं कोणी आकड्यांनिशी सांगणार असेल तर मला खरंच ऐकायचंय.